दारोदार

कुंडलच्या स्टँडवर एसटीतून उतरून कुणी परका माणूस गावात शिरला, की पारावरचं कुणीतरी विचारणारच, "पावणं, कुठनं आलासा? कुणाकडं?" यात चौकसपणा असतोच, पण नुसता चौकसपणा नसतो. माणूस कुणाच्या नावाने आला हे कळलं की त्याला चहा सांगायचा की नुसती वाट दाखवायची, हे ठरतं. १९४३ ते १९४६ या प्रतिसरकारच्या धामधुमीत तर हा प्रश्न जिवावरचा होता. कुंडल हे प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं मोठं ठिकाण, आणि खबऱ्यांची भीती कायम डोक्यावर. तेव्हा 'कुणी पाठवलं' याचं उत्तर जिभेवर तयार असणं पुरेसं नसे, ते खरंही निघावं लागे.

वेबसाइटही येणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारते. आपण एका पानावरच्या दुव्यावर बोट टेकवून दुसऱ्या पानावर जातो, तेव्हा ब्राउझर दुसऱ्या पानाला आपण कुठून आलो ते न विचारता सांगतो. या निरोपाला 'रेफरर' म्हणतात. गंमत अशी, की १९९६ साली इंटरनेटचे नियम कागदावर आले तेव्हा या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' गळालेला होता. तोवर तेच स्पेलिंग सगळीकडे रुळलं होतं, म्हणून चूक तशीच ठेवली. आजही जगातले सगळे ब्राउझर तो शब्द चुकीचाच लिहितात. हिशेब ठेवणारी साधनं या निरोपांची बेरीज करून महिन्याचा अहवाल मांडतात : गूगलच्या शोधातून इतके आले, फेसबुकवरून इतके, अमक्या साइटवरून तितके. या शेवटच्या खात्याला 'रेफरल' म्हणतात, आणि खोटं सोनं सगळ्यात जास्त त्याच खात्यात निघतं.

गिऱ्हाईक कुठून आलं हे जाणण्याची धडपड वेबसाइटच्या आधीची आहे. कुंडलच्या शेजारी, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनलगत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत उभी केली. पुढे स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. तिथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. त्या जमान्यातल्या मासिकांत जाहिरातींखाली 'पत्र लिहिताना या मासिकाचा उल्लेख करावा' अशा अर्थाची ओळ असे. तो त्या काळचा रेफरर. त्यावर विश्वास ठेवता येई, कारण पोस्टकार्डाला पैसे पडत आणि खोटा उल्लेख करून कुणाच्या पदरात काही पडत नसे. वेबवर दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या. निरोप फुकट झाला, आणि खोटं बोलण्यात कमाई सापडली.

मी लहान व्यावसायिकांच्या साइट सांभाळतो. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गोष्ट. आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम, शेडवर नव्या बेदाण्याची गडबड. कुंडलजवळच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा सकाळी सात वाजता फोन. "दादा, पोलंडची माणसं बघाय लागल्यात आपला माल. काल रात्रीत केवढी तरी आल्यात. एक्स्पोर्टचं काय तरी जमंल का?" माणूस हुशार. तासगावच्या सौद्यात पेटी उघडून मूठभर मणी तळहातावर घेतले, की रंग, गर आणि चिकटपणा बघून दर सांगणारा. पण मोबाइलवरच्या निळ्या आलेखाने त्याला रात्रभर जागवलं होतं. साइटचं पोलिश भाषांतर करायला किती खर्च येईल, हेही त्याने विचारलं.

अहवाल उघडला. रेफरलच्या खात्यात सगळ्यात वर एक नाव होतं : 'न्यूज डॉट ग्रेट्स डॉट स्टोअर'. त्याखाली 'स्टॅटिक डॉट सेडर्स डॉट वेबसाइट'. या मंडळींनी पानावर घालवलेला सरासरी वेळ शून्य सेकंद. प्रत्येक जण नवा, परत आलेला एकही नाही. बेदाण्याच्या दरांचं पान एकानेही उघडलेलं नाही. दर न विचारता माल बघून जाणारं पोलंडचंच काय, पलूसचंही गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. ही दोन्ही नावं त्या दिवसांत जगभरातल्या हजारो साइटमालकांच्या अहवालात एकाच वेळी उगवली होती, आणि बहुतेकांना तीही पोलंडमधूनच आलेली दिसत होती.

हे कसं घडतं ते समजायला आपली आहेराची वही बरी. मांडवाच्या दारात टेबल मांडून एक काका बसलेले असतात. पाहुणा आला, पाकीट दिलं, की काका नाव, गाव, रक्कम लिहितात. आता समजा काकांनी वही घरीच ठेवली आणि नोंदी फोनवरून घ्यायच्या ठरवलं. दाराशी उभं केलेलं पोरगं प्रत्येक पाहुण्यामागे फोन करून सांगतं, "लिहा, अमुक तमुक, गाव कडेगाव." वही चालू राहते. पण ज्याला काकांचा नंबर मिळाला तो कुणीही, कुठूनही फोन करून सांगू शकतो, "लिहा, पाचशे माणसं, गाव वॉर्सा." काका डोळे मिटून लिहीत जातात. मांडवात कुणी आलेलं नसतं.

गूगल ॲनालिटिक्स हे असंच चालतं. आपल्या प्रत्येक पानात त्यांच्या कोडचा एक तुकडा चिकटवलेला असतो. पान उघडलं की तो तुकडा वाचकाच्या ब्राउझरमधून थेट गूगलला निरोप धाडतो : अमक्या क्रमांकाच्या वहीत लिहा, हे पान उघडलं, या भाषेच्या फोनवर, तिकडून आलेल्या माणसाने. आपल्या सर्व्हरचा या निरोपाशी काहीही संबंध नसतो. पान खरोखर उघडलं का, हे गूगल आपल्या सर्व्हरला विचारत नाही. वहीचा क्रमांक कळला, की निरोप कुणीही बनवू शकतो. त्यासाठी साइटवर पाऊलही टाकावं लागत नाही. म्हणून या प्रकाराला 'घोस्ट' म्हणतात. मला भुताटकीपेक्षा फोनवरचा आहेर जास्त पटतो, पण शब्द रूढ झालाय.

क्रमांक कळतो कसा? २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी विकत घेऊन गूगलने त्याच वर्षी ॲनालिटिक्स सुरू केलं. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं वहीचा क्रमांक म्हणजे 'यूए', त्यापुढे खात्याचा आकडा आणि शेवटी एक, दोन असा अनुक्रम. आकडेच ते. संगणकाला सांगायचं, इथपासून तिथपर्यंत सगळ्या आकड्यांच्या वह्यांत हे नाव लिहून ये. कुणाची वही, कुठला धंदा, पत्ता काय, याची गरजच नाही. जुलै २०२३ मध्ये ही जुनी पद्धत बंद झाली आणि तिची जागा जीए-फोरने घेतली. त्यातला क्रमांक अक्षरं-आकड्यांची सरमिसळ आहे, तो अंदाजाने ओळखता येत नाही. शिवाय सर्व्हरकडून निरोप धाडायच्या अधिकृत मार्गाला आता गुप्त किल्ली लागते. भुतं गेली असं पुष्कळांना वाटलं. पण ब्राउझरकडून येणाऱ्या नेहमीच्या निरोपाला किल्ली मागता येत नाही, कारण ती प्रत्येक वाचकाच्या हातात द्यावी लागेल. आणि क्रमांक तर पानाच्या सोर्समध्ये उघडा पडलेला असतो, कुणीही वाचावा. दाराला नवं कुलूप लावलं आणि खिडकी तशीच राहिली.

या खोट्या नोंदींचा सुवर्णकाळ, सुवर्ण म्हणायचं असेल तर, २०१४ आणि २०१५. 'सेमाल्ट', 'बटन्स फॉर वेबसाइट', 'आय लव्ह विताली' ही नावं तेव्हा साइट सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर शिवीसारखी होती. त्यातलं एक नाव मराठी डोळ्यांना पहिल्याच नजरेला हसवून गेलं असणार : 'दारोदार डॉट कॉम'. ज्याने नोंदवलं त्याला मराठी येत असण्याचं कारण नाही. पण जगभरच्या लाखो वह्यांत नाव लिहीत हिंडणाऱ्याला याहून नेमकं नाव आपणही दिलं नसतं. गंमत पुढेच आहे. दारोदार प्रत्यक्षात कुणाच्या दारी गेलाच नव्हता.

मग कमाई कशात? इथे नवखा माणूस हमखास चुकतो. त्याला वाटतं, आपल्या साइटचं काही चोरायला आले असतील. चोरायचं काहीच नसतं. सावज आपले वाचक नव्हेत, वही वाचणारे आपण आहोत. अहवालात अनोळखी नाव दिसलं, की मालक म्हणतो, बघू तरी कोण आपल्याकडे माणसं पाठवतंय, आणि तो दुवा उघडतो. उघडलं की कधी परदेशी दुकान निघतं, ज्यातल्या खरेदीवर दलाली मिळते, कधी साइटचा क्रमांक वर नेऊन देतो म्हणणारी सेवा, कधी त्याहून वाईट काही. लाखो वह्यांतून हजारभर मालकांनी डोकावलं तरी भांडवल वसूल, कारण भांडवल नाहीच. त्याही आधी, दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला, धंदा वेगळा होता. बरेच जण आपल्या साइटची आकडेवारी सगळ्यांना दिसेल अशी ठेवत, आणि त्या यादीत नाव घुसवलं की शोधयंत्राला तो एक खरा दुवा वाटे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तर कहर झाला. अमेरिकेच्या निवडणुकीच्या त्या दिवसांत अहवालातल्या 'भाषा' या रकान्यात इंग्रजी, मराठी, हिंदी असं काही येण्याऐवजी ट्रम्प यांना मत द्या असा एक अख्खा फलक झळकू लागला, सोबत गूगलचाच वाटावा असा पत्ता. त्या पत्त्यातला पहिला 'जी' साधा नव्हता. तो दिसायला कॅपिटलसारखा पण आकाराने लहान असा निराळा युनिकोड वर्ण होता, म्हणजे गूगलशी त्याचा संबंध शून्य. ज्या रकान्यात मजकूर मावतो त्या प्रत्येक रकान्यात खोटं लिहिता येतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

दुसरी जात खरोखर येणाऱ्यांची. सेमाल्टचा यंत्रमानव साइटवर प्रत्यक्ष पान उघडून जाई, फक्त 'कुठून आलो' याचं उत्तर खोटं देई. या दोन जाती वेगळ्या ओळखता येणं महत्त्वाचं, कारण औषधं निराळी आहेत. आपल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत मी काय केलं ते सांगतो. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून 'रॉ ॲक्सेस' मधून सर्व्हरची स्वतःची नोंदवही उतरवली. ही वही गूगलची नाही, आपल्या दारावरची. आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ : कुठल्या आयपीवरून, किती वाजता, कुठलं पान, कुठून. त्यात 'ग्रेट्स' हा शब्द शोधला. एकदाही सापडला नाही. गूगलच्या वहीत शेकड्याने आणि दारावरच्या वहीत एकही नाही, म्हणजे मांडवात कुणी आलं नव्हतं. इतका स्वच्छ पुरावा या धंद्यात क्वचित मिळतो.

नोंदवही हाताशी नसेल तर होस्टनेम बघावं. जीए-फोरच्या 'एक्सप्लोर' भागात सोर्स आणि होस्टनेम शेजारी मांडले, की नोंद कुठल्या पत्त्यावरच्या पानाची म्हणून आली ते दिसतं. तिथे आपल्या साइटचं नाव नसून रिकामं किंवा भलतंच काही असेल, तर बाकी काही तपासायची गरज नाही. उलटं मात्र धरू नका. क्रमांक आपल्याच पानावरून उचलला असेल, तर उचलणाऱ्याला आपलं होस्टनेमही ठाऊक असतं आणि तो ते बरोबर लिहू शकतो. शून्य सेकंद वेळ, एकाच रात्रीतली उसळी, लँडिंग पेज रिकामं, या खुणा जोडीने बघायच्या. एकटीदुकटी खूण फसवते. आणि नाव ओळखीचं नसेल तर ते उघडायचं नाही, गूगलमध्ये अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. आपल्याआधी दहा जण चिडून बसलेले सापडतात. मॅटोमो या खुल्या साधनाच्या मंडळींनी अशा नावांची यादीच सार्वजनिक ठेवली आहे, ज्याला नवं नाव सापडेल तो त्यात भर घालतो.

देशच्या देश वगळायचा मोह मात्र आवरावा. पोलंड म्हटल्यावर व्यापाऱ्याचा मुलगा लगेच म्हणाला, पोलंड ब्लॉकच करू. पण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांची मुलं-नातवंडं आजही तिथे येतात. या भागाचा इतिहास, खाणं, गावं यांबद्दलच्या साइटवर पोलंडमधला माणूस येणं अजिबात नवलाचं नाही. खोटेपणा देशात नसतो, नोंदीत असतो.

आता काढायचं कसं. इथे जीए-फोरने एक सापळा ठेवलाय, आणि मी स्वतः त्यात अडकलोय. डेटा स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये 'अनवॉन्टेड रेफरल्स' नावाची यादी असते. नाव वाचून वाटतं, हीच ती जागा. खोटी नावं टाकली, दुसऱ्या दिवशी रेफरलचं खातं स्वच्छ, आपण खूश. पण ही यादी नोंद पुसत नाही. ती फक्त 'कुणाकडून आला' हे विसरते, आणि पाहुणा 'डायरेक्ट', म्हणजे आपला आपण आला, या खात्यात जाऊन बसतो. एकूण आकडा तेवढाच राहतो. आधी भूत निदान गळ्यात पाटी अडकवून उभं होतं, आता ते गर्दीत मिसळलं. ती यादी खरं तर दुसऱ्या कामाची आहे : गिऱ्हाईक पैसे भरायला पेमेंट गेटवेवर जातं आणि परत येतं, तेव्हा त्याला गेटवेने पाठवलं असं समजू नये, एवढ्यासाठी.

प्रत्यक्ष आलेल्या यंत्रमानवाला सर्व्हरवरच अडवता येतं. भुताला नाही, कारण ते त्या वाटेने येतच नाही. सर्व्हरवर नावांच्या लांबलचक याद्या चिकटवून भुतं जातील अशी आशा धरणारे मी पुष्कळ पाहिले. मागच्या दारी कडी घालून फोन बंद होत नाही. मागचा महिना दुरुस्त करायचा तर एक्सप्लोरमध्ये सेगमेंट बनवून ती नावं वगळून बघायचं. मूळ वही तशीच राहते, आपण चष्मा बदलतो. जीए-फोरमध्ये लिहिलेली नोंद मागे जाऊन अशी नावानिशी खोडता येत नाही, हे एकदा मान्य केलं की बरंच डोकं शांत होतं.

पुढच्यासाठी एक युक्ती आहे. आपल्या पानातल्या कोडमध्ये प्रत्येक निरोपासोबत 'ट्रॅफिक टाइप' या नावाखाली आपला एक खुणेचा शब्द पाठवायचा. मग ॲडमिनमधल्या डेटा फिल्टरला सांगायचं, हा शब्द असेल तेच निरोप घे. फोनवरून खोटा आहेर सांगणाऱ्याला परवलीचा शब्द ठाऊक नसतो. त्याने आपलं पान नीट वाचलं तर कळेल म्हणा, पण लाखो वह्यांत लिहिणाऱ्याला एकेकाचं पान वाचायला सवड नसते. फिल्टर आधी 'टेस्टिंग' अवस्थेत आठवडाभर ठेवा. थेट चालू केला आणि शब्द लिहिताना एक अक्षर चुकलं, तर खरे पाहुणेही बाहेर राहतात आणि ते दिवस कायमचे कोरे जातात.

एवढा खटाटोप कशाला, असं व्यापाऱ्यानेही विचारलं. त्याला कागदावर मांडून दाखवलं. समजा महिन्यात ६०० जण आले आणि १२ जणांनी माल मागवला, म्हणजे शंभरी दोन. पण ६०० पैकी २४० खोटे असतील, तर खरे ३६०, आणि प्रमाण शंभरी तीनच्या वर. पहिला आकडा बघून माणूस म्हणतो, फोटो वाईट आहेत, दर जास्त आहे, साइट नवी करू. दुसरा बघून म्हणतो, माल पसंत पडतोय, माणसं वाढवू. खर्च दोन्हीकडे आहे, पण दिशा उलटी. त्याने पोलिश भाषांतर रद्द केलं आणि तोंड लहान केलं. आकडा घटलेला कुणालाच आवडत नाही, खोटा घटला तरी.

खरी अडचण तर त्यानंतर दिसली. गाळून उरलेल्यांत बहुतेक 'डायरेक्ट' होते. म्हणजे कोण? तो म्हणाला, "आमचा सगळा धंदा व्हॉट्सॲपवर हाय." बरोबर. व्हॉट्सॲपमधून दुवा उघडला की 'कुठून आलो' हा निरोप बहुतेक वेळा जातच नाही. म्हणजे त्याच्या वहीत खोटे पाहुणे छातीठोकपणे नाव सांगत होते, आणि मुंबई-पुण्याची रोजची गिऱ्हाइकं नाव न सांगता मुकाट आत येत होती. यावर उपाय सोपा : दुव्याच्या शेपटीला 'यूटीएम सोर्स' जोडून आपणच नाव लिहून द्यायचं, प्रत्येक ग्रुपला वेगळं.

त्याने बसल्याजागी चार दुवे करून घेतले. पहिल्याला दलालांच्या ग्रुपचं नाव दिलं, दुसऱ्याला सोसायटीवाल्यांचं, तिसऱ्याला मुलाच्या कॉलेजच्या मित्रांचं. चौथा पुण्याच्या बहिणीसाठी होता, ती तिच्या भिशीच्या बायकांत फिरवणार होती. याला काय नाव देऊ, मी विचारलं. "आक्का टाका की."

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्याने अहवालाचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. सोर्सच्या रकान्यात सगळ्यात वर, सरासरी वेळ दोन मिनिटांच्या पुढे : आक्का.